मांजराच्या कानाचं भांडण

दळणाचा डबा ती कधी हातातून घ्यायची नाही. हनुवटीनं जमीन दाखवायची आणि म्हणायची, "ठेवा. निघा." पीठ कधी मिळेल असं विचारलं, तर आणखी दोन शब्द मिळायचे, "दळल्यावर मिळंल."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याकडे जावं लागतं, पण जावंसं वाटत नाही. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत तिची पिठाची गिरणी होती आणि त्या गिरणीवरच्या खोलीत मी भाड्यानं राहत होतो. गंगापूरहून नोकरीसाठी शहरात आलेला, पाटबंधारे खात्यातला नवा कारकून. खाली मोटर सुरू झाली की वर माझी खाट थरथरायची आणि फळीवरची कपबशी सरकत सरकत काठाशी यायची. एकदा जिना उतरून मी तक्रार केली. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "ओ पाटबंधारे, खोली बघायला आलता तवा खाली काय देऊळ दिसलं व्हतं का?"

तेव्हापासून मी तिच्यासाठी 'पाटबंधारे'च राहिलो. माझं नाव तिला ठाऊक होतं.

मला ती आवडत नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. गल्लीत ती कुणालाच आवडत नव्हती. जाडजूड, बुटकी, पापण्यांपर्यंत पिठानं पांढरी झालेली बाई. जात्याच्या कापडी बाहीतून पडणारं पीठ ती चिमटीत धरून चोळायची आणि गिऱ्हाइकाकडे अशी बघायची, जणू त्यानं चोरीचे गहू आणलेत. पण पिठाचा हात तिच्यासारखा कुणाचाच नव्हता. भाकरीला हवं तसं, पुरणपोळीला हवं तसं, सांगावं लागायचं नाही. म्हणून लोक शिव्या खाऊन तिच्याकडेच यायचे.

गिरणी तिच्या सासऱ्याची. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर शहर जरा थाऱ्यावर आलं तेव्हा त्यानं टाकलेली, तेलाच्या इंजिनावर चालणारी. पुढे वीज आली, सासरा गेला, आणि एका पावसाळ्यात काविळीनं नवराही गेला. तेरावा होतो न होतो तोच दोन्ही दीर विकत घेणाऱ्याला घेऊन दारात आले. तिनं दारात खाट आडवी टाकली आणि त्या नव्या मालकाच्या डोक्यावर घमेलंभर कोंडा ओतला. तो परत आला नाही. दीरही आले नाहीत. ही गोष्ट मला गल्लीतल्या जुन्या माणसांनी सांगितली. तेव्हापासून ती सगळ्या जगाकडे दीर असल्यासारखी बघत आली, एवढं मात्र मी स्वतः पाहिलं.

तिचं सर्वांत जुनं आणि नेमानं चालणारं भांडण शेजारच्या मुनीरभाईशी होतं. त्याचं सायकलचं दुकान गिरणीला चिकटूनच. पंक्चर बघायच्या टबातलं पाणी तो संध्याकाळी दारात ओतायचा आणि ते हिच्या पायरीखाली साचायचं. हिच्या गिरणीचं पीठ उडून त्याच्या सोल्यूशन लावलेल्या ट्यूबवर बसायचं आणि पॅच चिकटायचा नाही. रोज सकाळी पाण्यावरून आणि दुपारी पिठावरून.

"तुह्या टबाचं पाणी मह्या पायरीवर कामून येतंय?"

"बाई, पानी को मैं बोला क्या, उधर जा के?"

"अन् पीठ काय मी सांगून पाठवते?"

"पाठवते ना. ठीक मेरे पॅच के टाइम पे पाठवते."

दोघंही एकमेकांकडे न बघता, हातातलं काम न थांबवता भांडायचे. मी वर बसून ऐकायचो आणि दोघांचाही राग यायचा, कारण रविवारीसुद्धा सुटी नसायची.

मांजर गिरणीत कधी आलं ते मला माहीत नाही. पांढरं, पाठीवर तपकिरी ठिगळ असलेलं, किडकिडीत मादी मांजर. तिला नाव नव्हतं. बाई तिला 'सटवे' म्हणायची, पण ती बऱ्याच जणींना सटवे म्हणायची. पोराबाळांनी हात लावायचा नाही, कुणी दूध घालायचं नाही. "उंदरांसाठी कामाला ठेवलीय. लाडावली तर उंदीर काय तुम्ही धरणार का?"

दिवाळी झाली आणि त्या मांजरानं कान खाजवायला सुरुवात केली.

सुरुवातीला कुणाचं लक्ष गेलं नाही. मांजरं खाजवतातच. पण हे थांबेना. मागचा पाय उचलून उजव्या कानामागे खरखर, मग डोकं झटकणं, मग मान एका बाजूला वाकडी करून बसणं. काही दिवसांत कानामागचे केस गेले, कातडी लाल झाली, रक्त यायला लागलं. खाजवताना ते मधेच ओरडायचं, आणि तो आवाज मोटरच्या घरघरीतूनही वर माझ्यापर्यंत यायचा.

समोरच्या घरातल्या एका बाईंच्या पिठात मांजराचा केस निघाला. त्यांनी डबा तसाच आणून पायरीवर आपटला. "मांजराला खरूज झालीय बाई तुमच्या. आमच्या पोटात घालता का?"

"आधी तुमच्या अंबाड्यातले केस बघा," ही म्हणाली.

पण गोष्ट पसरली. चौकात एक नवी गिरणी झाली होती, तिथं लोक डबे नेऊ लागले. दुपारी दारात जिथं डब्यांची रांग असायची तिथं नुसती फरशी दिसायला लागली. बाई मोटर बंद करून खाटेवर बसून राहायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाच्या हातातल्या डब्याकडे टक लावून बघायची.

मग तिनं कारण शोधायला घेतलं, म्हणजे गुन्हेगार शोधायला घेतला. दुसरा मार्ग तिला माहीत नव्हता.

पहिला मी. सकाळी कामाला निघालो तर जिन्याच्या पायथ्याशी उभी. "ओ पाटबंधारे. चप्पल फेकून मारली का हिला?"

"नाही हो बाई."

"वरच्या गच्चीत येते ती. तुमच्या दुधाच्या पातेल्याला तोंड लावलं आसंल. मारली आसंल."

"मी मारली नाही."

"मग कुणी मारली?"

तिनं माझ्यावरचा संशय तसाच राखून ठेवला. मग गोचीड असेल म्हणून तिनं मांजराचा कान उलटापालटा करून पाहिला. गोचीड नव्हती. मग लसूण घालून कोमट केलेलं तेल कानात सोडलं. मांजर किंचाळून पळालं, दोन दिवस गिरणीत आलंच नाही, आणि परत आलं ते मुनीरभाईच्या बाकाखाली जाऊन बसलं. तिथून बाईनं त्याला उचललं तेव्हा त्याच्या अंगाला रॉकेलचा वास येत होता.

झालं. रविवारच्या दुपारी मांजर काखोटीला मारून ती सायकलच्या दुकानासमोर उभी राहिली. तिच्या आवाजानं गल्लीतल्या खिडक्या उघडल्या.

"काय ओतलंस हिच्या कानात?"

मुनीरभाई चाकाच्या तारा आवळत होता. "क्या?"

"रॉकेल ओतलंस. नाय तर ते तुझं सोल्यूशन. पाण्यावरून माझ्याशी जमंना म्हणून मुक्या जनावरावर डाव काढतो व्हय?"

तो उभा राहिला. उंच, वाकलेला माणूस, दाढी अर्धी पिकलेली. "बाई, मेरी दुश्मनी तुमसे है. बिल्ली से नई."

"मग वास कशाचा?"

"नीचे रॉकेल का डब्बा रख्या मैं, चेन धोने को. वो उसके बाजू में सोती. मैं बुलाया क्या उसको?"

"खोटं बोलतोस."

मुनीरभाईनं पाना खाली ठेवला, शटर ओढलं आणि तो भर दुपारी घरी निघून गेला. रोजच्या भांडणात तो कधी गेला नव्हता. हे काहीतरी वेगळं झालं, हे मला वर बसूनही कळलं.

तुम्ही त्या काळात आमच्या शहरात राहिला असाल तर पुढचं ओळखलं असेल. ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. हवाच तशी होती. सकाळी कुठेतरी दोघांत बाचाबाची व्हायची, संध्याकाळपर्यंत त्याच्या दोन गोष्टी झालेल्या असायच्या, एक या मोहल्ल्यातली आणि एक त्या. मांजराच्या कानाची गोष्टही अशीच गल्लीबाहेर गेली आणि परत आली तेव्हा मुनीरभाईनं जनावरावर ॲसिड टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ज्वारी घेऊन खाली उतरलो. माझ्यासारखी दोन-तीनच गिऱ्हाइकं आता उरली होती. मी डबा ठेवला तेवढ्यात चार तरुण आले. त्यांतले दोन आमच्याच गल्लीतले, बाकीचे दोघे मी पाहिलेले नव्हते. शेजारी मुनीरभाई बाहेर टांगलेले टायर घाईघाईनं आत घेत होता. त्यानं त्यांना पाहिलं आणि त्याचे हात अधिकच घाई करू लागले. एक टायर सुटून गटाराकडे घरंगळत गेला. तो त्यानं उचलला नाही.

"मावशी," त्यांतला एक म्हणाला, "ऐकलं ते खरं का?"

बाई जात्याकडे बघत होती.

"तुम्ही नुसतं व्हय म्हणा. बाकीचं आम्ही बघतो."

तिनं बटण दाबून मोटर बंद केली. पट्टा फडफडत थांबला. एकदम इतकं शांत झालं की मांजर कोपऱ्यात खाजवत होतं तो आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"दळण कुठाय तुमचं?"

"दळणाला नाय आलो मावशी. ते मुनीरचं..."

"दळण नाय तर हितं उभं राहायचं काय काम?"

"आपल्या माणसावर अन्याय झाला तर आम्ही गप बसायचं का?"

"आपलं माणूस?" तिनं गल्लीतल्या पोराकडे बोट केलं. "तुझ्या आईनं डबा आपटला मह्या पायरीवर. खरूज झाली म्हणून बोंब मारली गल्लीभर. तवा मी कुणाची व्हते रे?"

पोरगा लाल झाला. दुसऱ्यानं समजुतीच्या सुरात सुरुवात केली, "मावशी, तो विषय वेगळा..."

"विषय काय नाय. भांडण माझं हाय. तुम्ही चड्डीत मुतत व्हता तवापासून मी त्याच्याशी भांडते. पाण्यावरून भांडते, मांजरावरून भांडते, उद्या आणिक कशावरून भांडंन. शिव्या मी देणार, त्याच्या मी खाणार. मधी कुणी घुसायचं नाय. मह्या भांडणावर कुणी आपली भाकर भाजायची नाय." तिनं जात्याजवळची लोखंडी टाकी उचलली. दगडाला खाचा पाडायचं ते हत्यार. उगारली नाही, नुसती हातात धरली. "निघा."

ते निघाले. जाताना एक जण पायरीवर थुंकला आणि म्हणाला, "बघू किती दिवस चालती तुमची गिरणी."

मुनीरभाई दुकानाच्या दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. आता तो काहीतरी बोलेल, ही काहीतरी बोलेल, असं मला वाटलं. ती वळली आणि त्याच्यावर ओरडली, "तू काय बघतोस? तुझा हिशोब बाकीच हाय अजून. उद्या चल माझ्याबरोबर जनावराच्या डॉक्टराकडं. तिथं निघंल काय ओतलंस ते."

"चलो," तो तितक्याच जोरात म्हणाला. "कल फैसला होने दो एक बार. रोज रोज की झंझट नक्को मेरेकू."

"अन् तुम्ही," ती माझ्याकडे वळली, "धरायला चला. सरकारी माणूस पाहिजे साक्षीला."

मी अर्ज देऊन अर्धा दिवस रजा घेतली. नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

त्या ऑटोरिक्षाचा प्रवास मी विसरणार नाही. मधे मी, मांडीवर भाजीच्या पिशवीत मांजर, डावीकडे फिर्यादी आणि उजवीकडे आरोपी. दोघं एकमेकांशी बोलणार नव्हते, म्हणून सगळं माझ्यामार्फत.

"त्याला सांगा, पाय सरकवून बस. मांजराला लागतंय."

"बाई को बोलो, बिल्ली तुम्हारी गोद में है, मेरे पाँव में नई."

"त्याला सांगा, तोंड बंद ठेव."

"बाई को बोलो, पहले वो ठेवे."

पिशवीतून पंजा बाहेर आला आणि माझ्या मनगटावर तीन रेघा ओढून परत आत गेला. रिक्षावाला आरशातून आमच्याकडे बघत होता आणि चौकात गाडी थांबवायची विसरत होता.

सरकारी जनावरांच्या दवाखान्यात बाहेर म्हशी आणि एक लंगडा बैल उभे होते. डॉक्टर मध्यमवयीन, थकलेले, पण माणूस धीराचा. आधी बाईचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. मग मुनीरभाईचं ऐकलं. मग म्हणाले, "आता तुम्ही दोघं गप्प बसा. मांजराला बघू द्या."

त्यांनी दोन्ही कान पाहिले. डावा कान स्वच्छ होता. "खरूज असती, किडे असते, तर बहुधा दोन्ही कानांत दिसले असते," ते म्हणाले. "जळल्याची खूणही नाही. ॲसिड-रॉकेल काही नाही. हे एकाच कानात आत काहीतरी रुतून बसलंय." मांजर डोकं धरू देईना. मी पुढचे पाय धरले, मुनीरभाईनं मागचे, बाईनं मान. गुंगीचं इंजेक्शन दिलं. हळूहळू मांजर आमच्या सहा हातांत सैल पडलं. त्या वेळी बाईचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. ती पुटपुटत होती, "सटवे, मरू नको. सटवे." तिला वाटलं, ते मरतंय.

डॉक्टरांनी बॅटरीचा झोत आत टाकला, बारीक चिमटा घातला, आणि पू लागलेलं एक लांब, काळपट कुसळ बाहेर काढलं. टोकाला सुईसारखं. ते त्यांनी कापसावर ठेवलं. आम्ही तिघांनी वाकून पाहिलं.

"कुसळी गवताचं आहे," डॉक्टर म्हणाले. "आत जातं ते मागं येत नाही. मांजर शेतात फिरतं का?"

"नाही," मी म्हणालो. "गिरणीतच असतं."

"मग झोपतं कशावर?"

बाईला बोलता येत नाही असं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

"झोपतं कुठं बाई?"

"पोत्यावर."

"पोत्यात काय भरलंय?"

"गवत."

"कुठलं?"

"भावानं आणलं. चितेगावाकडून. रानातलं."

"कशासाठी?"

"थंडी पडायला लागली." ती एकदम तडकली. "फरशी गार असती. बाळंत व्हायची हाय ती सटवी, कुठं झोपंल? तुम्ही डॉक्टर हाय का फौजदार?"

मांजर गाभण आहे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मोटरच्या मागे, भिंतीच्या कोनाड्यात, कुणाला दिसू नये अशा जागी तिनं ते अंथरूण करून ठेवलं होतं.

मुनीरभाईनं दाढीवरून हात फिरवला. "अब बोलो बाई."

"काय बोलू? निघालं ना."

"मेरा नाम खराब हुआ, उसका क्या?"

ती मांजर पिशवीत घालून बाहेर चालू लागली.

परतीच्या रिक्षात माझं मनगट झोंबत होतं. मला वाटलं, संपलं, आता ही गिरणीत शिरेल आणि मोटर सुरू करेल. तसं झालं नाही. ती गल्लीच्या मधोमध उभी राहिली, नळाला बायका जमल्या होत्या त्यांच्याकडे तोंड केलं आणि भांडायच्या आवाजात ओरडली,

"ऐका गं सगळ्याजणी! कान उघडे ठेवून ऐका! कुसळ व्हतं. गवताचं कुसळ! मह्याच पोत्यातलं, मह्याच हातानं भरलेलं. मुनीरनं काय बी ओतलं नव्हतं. ज्यानं त्यानं आपल्या पोरांना घरी जाऊन सांगा. अन् ह्याच्यावर उद्या कुणी बोट उचललं, तर आधी मह्या दारात या!"

नळाचं पाणी हंड्यात पडत राहिलं. समोरच्या बाईंनी तोंड फिरवलं.

मग ती मुनीरभाईकडे वळली. त्याचे डोळे भरून आले होते. तो काही म्हणणार, एवढ्यात ती म्हणाली, "अन् पायरी बघ मही. आज बी पाणी तुंबलंय."

गिरणीला त्याची किंमत पडली. त्या चार जणांच्या घरांतून आणि त्यांच्या ओळखीच्या घरांतून दळण येणं बंद झालं ते कायमचं. शिवाय गिरणीत मांजरासाठी गवताचं अंथरूण आहे हे तिनंच जाहीर केल्यामुळे आणखी काही घरं तुटली. एका सकाळी दाराच्या पाटीवर कुणीतरी शेण फासलेलं होतं. ते तिनं खराट्यानं धुतलं, आणि धुताना पाणी मुनीरभाईच्या दुकानात गेलं म्हणून पुन्हा जुंपली. मांजराला तीन पिल्लं झाली. एकही तिनं कुणाला दिलं नाही. मागायला कुणी आलंही नाही.

माझी पुढे बदली झाली. निघताना मी निरोप घ्यायला गेलो तर म्हणाली, "खोलीचं कुलूप कुठाय?" मी कुलूप दिलं. "जा मग." आमची मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. मला तिची भीती वाटायची, आणि ती मला शेवटपर्यंत चप्पल फेकणारा माणूस समजत असावी.

काही वर्षांनी कामानिमित्त शहरात आलो होतो. उस्मानपुऱ्यातून जाताना सहज गल्लीत वळलो. गिरणीच्या दारात टेम्पो उभा होता. घरोघरी पीठ दळायच्या विजेच्या छोट्या घरघंट्या आल्या होत्या, गिरणी बंद पडूनही वर्ष झालं होतं, आणि बाई आदल्या महिन्यात वारली होती. झोपेतच गेली म्हणाले. तिचा भाऊ चितेगावाहून जात्याचे दगड न्यायला आला होता. दोन हमाल पहारी लावून दगड टेम्पोत चढवत होते.

म्हातारा झालेला मुनीरभाई त्या भावावर ओरडत होता. "ऐसा रखते क्या पत्थर को? लोहे पे रखे तो रस्ते में फटेंगा ना! अकल नई क्या?"

"तुम्हाला काय करायचंय चाचा?" भाऊ वैतागून म्हणाला.

मुनीरभाईनं दुकानातून जुने टायर आणले, गुडघे धरत तो टेम्पोत चढला, टायर नीट पसरले आणि हमालांना पुन्हा दगड उचलायला लावले. दोन्ही दगड टायरांवर बसल्यावर हातानं हलवून पाहिले. मग खाली उतरला. मला त्यानं ओळखलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

टेम्पो सुटला आणि पैठण रोडच्या दिशेनं वळला. मागची फाळक्याची फळी कुणी बंद केलीच नव्हती. मुनीरभाईच्या ते लक्षात आलं, आणि तो म्हातारा माणूस भर रस्त्यात, दोन्ही हात वर करून, ड्रायव्हरला शिव्या देत त्या टेम्पोमागे धावत सुटला.